हौशीचा चौथा सड

नववीची परीक्षा संपली आणि माझ्यापुढे दीड महिन्याची सुट्टी येऊन पडली. एवढे मोकळे दिवस मला तेव्हाही सोसायचे नाहीत, आजही सोसत नाहीत. पहिल्याच दुपारी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर मी करायच्या कामांची यादी केली. कुरडया घालायच्या, गोधडीला ठिगळं लावायची, थोरल्या भावाच्या, बाळूदादाच्या सायकलची साखळी त्याच्याकडून नीट करून घ्यायची आणि मग ती सायकल शिकायची. हौशी त्या यादीत कुठेच नव्हती. चार दिवसांत तिने सगळी यादी गिळून टाकली.

हौशी ही आमची गाय. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावापासून वर, माळावर आमची वस्ती होती. तीन खोल्या, वर पत्रा, पुढे एक कडुनिंब आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून गोठा. त्यामुळे सकाळी मी अंथरुणात असतानाच भिंतीपलीकडून आईच्या धार काढण्याचा आवाज यायचा. रिकाम्या बादलीत पहिली धार खणखणीत वाजते, बादली भरत जाते तसा आवाज जाड आणि मऊ होत जातो. त्याच वेळी चुलीवर बाजरीची भाकरी फुगायची, तव्याचा खरपूस वास गोठ्यातल्या शेणाच्या वासात मिसळायचा. आई धार काढता काढता मला हाक मारून भाकरी उलटायला सांगायची आणि भाकरी करपली तर तिला ते भिंतीपलीकडून कळायचं. हौशी वासरू असताना आईने तिला आपल्या हाताने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. धिप्पाड, काळीपांढरी, कपाळावर पांढरा टिळा. परका माणूस जवळ आला की फुरफुरायची आणि आईचा पदर दिसला की मान खाली घालायची.

त्या दिवशी धारेचा आवाज मध्येच थांबला. मी उठून गेले तर आई उकिडवी बसून हौशीच्या कासेच्या मागच्या डाव्या भागावर हात ठेवून होती. तो भाग टणक झाला होता, तापला होता, आणि त्या बाजूच्या चौथ्या सडातून, म्हणजे आचळातून, पिवळट पाणी आणि दह्यासारख्या गाठी येत होत्या.

"आली परत दगडी," आई म्हणाली. कासेला सूज येऊन ती दगडासारखी होते, म्हणून आमच्याकडे त्या दुखण्याला दगडी म्हणतात. वर्षात ही तिसरी खेप होती.

तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले. भला माणूस होता, आधीच्या दोन्ही वेळांना त्यांनीच औषध दिलं होतं. त्यांनी कास चाचपली आणि आईला सरळ सांगितलं, "ताई, हे आता जुनाट झालं. औषधानं दबतं आणि परत उठतं. हा सड आटवून टाका, गाय तीन सडांवर चालेल." तीन सडांवर गाय चालते हे खरं, पण अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मनात वेगळंच होतं. मागच्या खेपेला दूध डेअरीवर सगळ्यांच्या देखत आमचा कॅन परत पाठवला होता आणि ते अण्णांना फार लागलं होतं. त्यांनी संध्याकाळी गुरांच्या व्यापाऱ्याला गाय घेऊन जा म्हणून निरोप धाडला. व्यापारी म्हणाला, येत्या रविवारी टेम्पो मोकळा नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येतो.

आईने त्या रात्री ताटातलं शेंगोळं तसंच ठेवलं. हुलग्याचं शेंगोळं तिचं लाडकं. "आटलेल्या सडाची गाय बाजारात कोन गोठ्यात बांधायला घेतंय?" ती एवढंच म्हणाली. "ती कुठं जाईल ते मला म्हाईत हाय, आन् तुमाला बी."

अण्णा ताट सारून उठले. बुधवार होता तो. माझ्या हिशेबाने हौशीकडे अकरा दिवस होते.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आईने मला खाली ओढ्यापलीकडे गयामावशीकडे धाडलं. गयामावशी साठीच्या पुढची, बारीक अंगाची, एकटी राहायची. तिच्या घराभोवतीच्या बांधावर कोरफडीची दाट रांग होती. जनावरांच्या जुन्या दुखण्यांवर ती औषध द्यायची, दगडीवर तर खास. कोरफडीचं एक दांडगं पान, मूठभर हळद आणि बोराएवढा खायचा चुना. ती हे पाट्यावर वाटायची आणि पिवळ्या हळदीत चुना पडताच तो गोळा बघता बघता कुंकवासारखा लाल व्हायचा. मी ते पहिल्यांदाच पाहिलं आणि ओरडलेच. "अगं, चुना हाय त्यो, भूत न्हाई," ती म्हणाली. गोळा पळसाच्या पानात बांधून देताना तिने मला तिचा नियम सांगितला, तो सगळ्या पंचक्रोशीला पाठ होता: गुण आला तर सांगायला यायचं नाही, आणि नाही आला तर बोल लावायचा नाही. तिच्या सासूने तिला हेच सांगितलं होतं. सांगितलं की गुण जातो.

"पण मावशी, मग किती जणांना गुण येतो?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? सांगायचंच न्हाई म्हनल्यावर?"

"कधीच कुणी सांगितलं नाही?"

"तू जा. ऊन व्हतंय."

मी चढावर चालत घरी आले तेव्हा घामाने निथळत होते, पण डोक्यात एकच गोष्ट वाजत होती. ही बाई तिच्या लग्नापासून औषध देते आहे आणि एकाही जनावराचं पुढे काय झालं ते तिला ठाऊक नाही! मग हे औषध लागू पडतं हे नक्की माहीत तरी कुणाला आहे?

आईने तो लाल लेप सकाळ-संध्याकाळ भक्तीने लावला. मी बाळूदादाची जुनी पाटी काढली आणि रोज चौथ्या सडाची पहिली धार पाटीवर घेऊ लागले. काळ्या पाटीवर गाठी लख्ख दिसतात. गुरुवारी गाठी, शुक्रवारी गाठी, शनिवारी गाठीच. व्यापाऱ्याचा रविवार आठ दिवसांवर आला आणि मी ठरवलं की मावशीला सांगायचं नसेल तर नसू दे, लोकांनी मला सांगायला तर बंदी नाही. आईकडून आठवून आठवून, गेल्या काही वर्षांत दगडीचं औषध नेलेल्या बारा घरांची नावं मी लिहून काढली. पुढे रकाने आखले: जनावर कोणतं, कितवी खेप, किती दिवस लावलं, गुण आला का. बाळूदादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याला सायकल चालवायला लावायची म्हणजे आधी अर्धा तास त्याची टवाळी ऐकावी लागे. "चला, तहसीलदारीणबाई निघाल्या पंचनाम्याला," असं म्हणत त्याने मला मागे बसवलं.

पहिल्या दिवशी माळावरची घरं केली, कारण ती जवळ होती. पहिल्याच घरात पंचाईत. मी विचारलं, "काकू, गुण आला का?" आणि काकूंनी तोंडावर हात ठेवला. "सांगायचं नसतं गं बाई!" मी दारातच उभी राहिले, मग मला सुचलं. "सांगू नका काकू. आला असेल तर मान हलवा, नसेल तर हलवू नका." त्यांनी क्षणभर विचार केला. मान हलवल्याने नियम मोडतो असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या आणि मान काही हलली नाही. मी 'नाही' लिहिलं. पुढे प्रत्येक घरात हीच युक्ती चालली. म्हादूबाबा म्हणून एक म्हातारे होते, त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "पोरी, तू सरकारी हायेस का?" मी नाही म्हटल्यावर म्हणाले, "माझी म्हस मेली की गं. आता ती गुण आला म्हनून मेली का न्हाई आला म्हनून, ते तिलाच जाऊन इचार." बाळूदादा हसून हसून सायकलसकट पडला. मी मात्र 'नाही' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठची घरं केली. तिथे माना हलायला लागल्या. एका बाईने तर इतकी जोरात हलवली की डोक्यावरचा पदर खाली आला. पाच 'हो', एक 'नाही', तेही धड नाही, तिरकं.

संध्याकाळी मी वही घेऊन निंबाखाली बसले. बारा घरं, पाच हो, सात नाही. मी गाय-म्हैस वेगळी करून पाहिली, पहिली खेप-तिसरी खेप करून पाहिली, काहीच जुळेना. मग नुसतं पान पाहिलं आणि दिसलं. पानाच्या वरच्या अर्ध्यात सगळे 'नाही' होते आणि खालच्या अर्ध्यात एक सोडून सगळे 'हो'. मी घरं ज्या क्रमाने केली त्याच क्रमाने लिहिली होती. वरचा अर्धा माळ. खालचा अर्धा ओढा.

"दादा, सायकल काढ!"

"आत्ता? येडी हायेस का?"

त्याच उतारावरून आम्ही परत गेलो आणि ती पदरवाली बाई गोठ्यातच सापडली. लेप कसा लावला, एवढंच मी विचारलं. तिने मला वेड्यात काढलं. "कसा म्हंजी? कास धुवायची, सड पार मोकळा व्हईस्तोवर पिळायचा, मग लावायचं. वाळलं की परत धुवायचं, परत पिळायचं, परत लावायचं, दिसातनं धा येळा तरी. शेनानं भरलेल्या कासंवर काय लावतीस? पानी हाय की हाताशी." तिचा गोठा ओढ्याच्या विहिरीपासून वीस पावलांवर होता.

आणि आमच्याकडे? आमच्या माळावर कुणीच कास धुवत नव्हतं. आदल्या दिवशी मला तीन घरांत न विचारता सांगितलं गेलं होतं, औषध धुवायचं नसतं, धुतलं की गुण वाहून जातो. आईसुद्धा तेच करत होती, लेपावर लेप, लेपावर लेप. हा नियम मावशीने कधी घातलाच नव्हता. माळावर टँकर एक दिवसाआड यायचा, हंडा दोन जणींत वाटून घ्यावा लागायचा. तिथे गायीच्या कासेवर दिवसातून दहा वेळा पाणी ओतायचं कुणाच्या मनात तरी येईल का? पाणी नव्हतं, म्हणून न धुणं आलं. आणि न धुण्याचा पुढे कुणीतरी धर्म करून टाकला. हे मला आज इतक्या स्वच्छ शब्दांत मांडता येतं, तेव्हा नुसतं घरी पळत आल्याचं आठवतं.

घरी मात्र कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आई घाबरली. "धुतलं आन् होता नव्हता तेवढा गुण बी गेला तर?"

"आत्ता कुठं आलाय गुण, आई?"

अण्णा जेवत होते. त्यांनी खर्डा भाकरीवर ओढला आणि विचारलं, "पानी कोन आननार? हितं मानसाला आंघूळ तांब्या-तांब्यानं व्हती."

"मी आणीन."

"दिसातनं धा येळा?"

"दहा वेळा. रविवारपर्यंत."

"आन मग," अण्णा म्हणाले. "पर रविवारी टेम्पो आला म्हंजी आला. मंग रडायचं न्हाई."

मंगळवारपासून शनिवारपर्यंत पाच दिवस. तेवढी मजा आणि तेवढी दमणूक मी पुन्हा क्वचितच अनुभवली. सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधून दादा ओढ्यावरून पाणी आणायचा, चढावर मी मागून ढकलायची. दहा वेळांच्या वेळा लिहून मी कागद गोठ्याच्या खांबाला लावला. कास धुतलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून चर काढून लिंबाच्या रोपाकडे वळवलं. सडातून निघालेलं खराब दूध डब्यात घेऊन लांब खड्ड्यात पुरायचं, म्हणजे दुसऱ्या सडांना लागायला नको. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण घाण घाणीला लावू नये एवढं कळत होतं. पहिल्या दिवशी हौशीने मला दोनदा लाथ मारली आणि एकदा कॅनला. मावशीकडून रोज ताजी कोरफड आणायची आणि वाटायचं काम आईने उचललं. तिच्या हाताचा लाल-पिवळा रंग सगळ्या घराला लागला. दाराच्या चौकटीवर बोटं, पितळी तांब्यावर बोटं, भाकरीवरसुद्धा एक पिवळा अंगठा. अण्णांनी तो अंगठा पाहिला आणि मुकाट खाल्ला.

बुधवारी पाटीवर गाठी बारीक झाल्या. गुरुवारी नुसते तंतू. मी नाचायच्या बेतात होते आणि शुक्रवारी सकाळी एक मोठी गाठ सडातून अशी पडली की आईने पाटीच उलटी केली. मी दहाच्या ऐवजी बारा वेळा केलं. संध्याकाळी पाटी स्वच्छ. शनिवारी सकाळी स्वच्छ, कास मऊ, हात लावला तर हौशी पाय हलवेना. आईने धार काढायला घेतली आणि मला म्हणाली, "ऐक." बादलीत चौथी धार वाजत होती, बाकीच्या तिघींसारखीच.

आता जनावरांच्या आरोग्याच्या कार्यक्रमांत याच लेपाची कृती छापील कागदावर वाटतात, धुणं आणि पिळून काढणं ठळक अक्षरात असतं. कुणी मला विचारलं तर मी आधी डॉक्टरला दाखवा म्हणते आणि मग कोरफडीचं पान तोडते. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.

पण शनिवारी दुपारी माझ्यापुढे वेगळाच पेच होता. माळावरच्या सहा घरांत औषध असंच फुकट जात होतं आणि जिच्या शब्दाला ते मानत, तिलाच हे माहीत नव्हतं. तिला सांगायला हवं होतं. "आजच्याला जाऊ नको," आई म्हणाली. "उद्याचा रविवार जाऊ दे. सांगितलं आन् रातीत दगडी उठली तर? टेम्पोपुढं काय करशील?" मी नाही जात म्हणाले, आणि आई जरा पडल्यावर वही घेऊन निघाले. चालताना पहिल्यांदाच मला भीती वाटली. यादीवर माझा विश्वास होता, पण आई उठसूट घाबरणारी नव्हती, तिची भीती पण काही उगाच नसेल.

गयामावशी पाट्यापाशी बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, गुण आला. तिचा चेहरा असा बदलला की मी एक पाऊल मागे सरकले.

"कोनी सांगितलं हुतं तुला सांगायला? तुज्या आईला अक्कल न्हाई का? व्हय गं, सगळी घरं फिरलीस? लोकांच्या तोंडातनं काढून घेतलंस?"

"कुणी बोललं नाही मावशी. नुसत्या माना हलवल्या."

ती कोरफडीचं पान सोलत राहिली. मी निघायला वळले तेव्हा तिने वर न बघता विचारलं, "ओढ्याच्या भीमाबाईच्या म्हशीचं काय झालं?"

"बरी झाली. मान हलवताना पदर पडला त्यांचा."

"आन् म्हादूची?"

"मेली."

"मला वाटलंच हुतं," ती म्हणाली. "त्यो दोन साल झालं, मला बघितलं की वाट बदलतोय." पान तिच्या हातातच राहिलं. मग तिने मला सगळी यादी वाचायला लावली. हो आलं की गप्प, नाही आलं की "परत वाच." शेवटी मी धुण्याचं आणि पाण्याचं सांगितलं. "मी धुवू नका कवा म्हनले?" ती चिडून म्हणाली. "मी तर दिसभर लावीत राव्हा म्हनते!" आणि मग हळू आवाजात, "बघायला कवा गेलेच न्हाई की मी."

रात्री आईला काही सांगायची माझी हिंमत झाली नाही. रविवारी उजाडता उजाडता चढावरून गयामावशी येताना दिसली आणि आईला सगळं कळलं. आई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "सुमे, तू काय केलंस गं?"

मावशी थेट गोठ्यात गेली. तांब्यातल्या पाण्याने तिने हात धुतले, कास धुतली. हौशी परक्याला फुरफुरायची, पण मान वळवून बघत उभी राहिली. अण्णा दारात आले. मावशीने डाव्या हाताची ओंजळ केली आणि चौथ्या सडाची धार तळहातावर घेतली. आईने डोळे मिटले होते. मावशी तळहात उजेडाकडे धरून बोटांनी दूध चोळत होती, पुन्हा पुन्हा, माणूस धान्यात खडे बघतो तसं. पांढरं शुभ्र दूध. "गाठ न्हाई," ती म्हणाली. मग अजून एक धार घेतली, अजून एक. "न्हाई. गाठ न्हाई." तिसऱ्यांदा तिचा आवाज फुटला आणि तिने ओला हात हौशीच्या पोटाला पुसला.

टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा अण्णा कुणाकडे न बघता बाहेर गेले. व्यापारी खाली उतरत होता, त्याला त्यांनी उतरूच दिलं नाही. "चहा घेऊन जा," आम्हाला ऐकू आलं, "गाय न्हाई द्यायची." व्यापारी काहीतरी कुरकुरला, मग त्याने चहा घेतला आणि रिकामा टेम्पो माळावरून धुरळा उडवत खाली गेला. आई हौशीच्या मानेला धरून उभी होती. ती रडत होती आणि मला चापट मारायला दुसरा हात शोधत होती.

गयामावशीने चहा नको म्हटलं. तिने पदर खोचला, उन्हाकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं, "त्या 'न्हाई'वाल्यांच्यात पैल्यांदा कोनाचं घर लागतंय?"

"म्हादूबाबांचं. पण त्यांची म्हैस तर..."

"म्हनूनच," ती म्हणाली, आणि मी वही शोधेपर्यंत ती बांध ओलांडूनही गेली होती.